चाकावरचे बिऱ्हाड



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्यात म्हण आहे. माझ्या लहानपणी आमचे बिऱ्हाड चाकावर होते. आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. दिवाळी झाली की वडील बैलगाडीवर बांबूच्या कामट्या वाकवून बांधीत, त्यांवर तट्ट्या आणि जुने गोणपाट घालीत, आणि गाडीचे घर होई. आत पत्र्याची पेटी, हंडा, ज्वारीचे पोते, गोधड्या आणि आम्ही तीन भावंडे. मागे दाव्याला शेळी. असे आम्ही ऊसतोडीला निघत असू, ते चैत्र लागल्यावर परत येत असू.

हल्ली सुखवस्तू माणसे मोटारीमागे जोडायची हलकी झोपगाडी हौसेने बांधतात, सुट्टीत डोंगराकडे जातात, तेथेच रांधतात आणि निजतात. ही हौस चांगली आहे. तिची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. उलट ती पाहिली की मला वडिलांचे हात आठवतात. कमीत कमी वजनात जास्तीत जास्त संसार कसा बसवावा, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. फरक एवढाच की, त्यांना घर सोडावे लागत होते म्हणून ते घर बांधीत होते.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते गिरणीच्या फाटकावर, कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पोटासाठी पनवेलीस आलो तेव्हा हे गाव माझ्या लेखी तळोज्याच्या कारखान्यांना जवळचे, एवढेच होते. पुढे वाचनालयात ब्रिटिश अमदानीतले गॅझेटियर चाळताना पनवेलीच्या नावाखाली एक वाक्य सापडले आणि मी थबकलो. गाडीची चाके करणे हा या गावचा मुख्य धंदा असून दख्खनचा प्रत्येक गाडीवान जाताना चाकांची एक जोडी घेऊन जातो, अशा अर्थाचे ते वाक्य होते. ज्या चाकावर मी वाढलो त्या चाकाच्या गावी मी नकळत येऊन राहिलो होतो! तेव्हापासून मी या चाकाचा माग काढू लागलो. आजचे बोलणे त्या मागावरचेच आहे.

पनवेलच का? याचे उत्तर जमिनीच्या ठेवणीत आहे. मुंबईहून होडीने खाडीत शिरले की पनवेल बंदर लागे. येथून वाट खोपोलीला जाई आणि तेथे बोरघाटाची चढण सुरू होई. समुद्र आणि देश यांच्यामधला हा उंबरठा. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या उंबरठ्यावरून मालाची गाडी नीट जात नव्हती. माल जाई तो बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवरून. मोठी माणसे जात ती पालखीतून, म्हणजे तीही माणसांच्याच खांद्यावरून. १८०४ मध्ये वेलस्लीने लष्करासाठी घाटवाट सुधारली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने गाडीरस्ता बांधविला आणि १८३० च्या नोव्हेंबरात तो खुला झाला. त्या दिवसापासून दख्खनची गाडी थेट बंदरापर्यंत उतरू लागली.

पण गाडी तरी कशी होती? गॅझेटियरे सांगतात की, त्या काळी दख्खनच्या गाड्या थोड्या आणि ओबडधोबड होत्या. चाके भरीव, अखंड लाकडाची, काही ठिकाणी तर दगडाचीही. ती ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपाव्या लागत. गाडी एका शेतकऱ्याच्या ऐपतीची वस्तू नव्हती. भरीव चाकाची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद येथे १९७४ मध्ये काशाचा जो प्राचीन बैलरथ सापडला, त्याचीही चाके भरीवच आहेत.

यावर कोणी म्हणेल, आमच्या लोकांना आऱ्यांचे चाक ठाऊक नव्हते काय? होते. सारनाथच्या अशोकचक्राला चोवीस आरे आहेत आणि ते आपल्या ध्वजावर आहे. पण नुसते ठाऊक असून भागत नाही. हलके चाक चालायला रस्ता लागतो, आऱ्याचा सांधा धरून ठेवायला लोखंडाची धाव लागते, आणि ते विकत घ्यायला शेतकऱ्याच्या गाठीला चार पैसे लागतात. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच चाक हलके झाले. १८३६ मध्ये जमीनमोजणी खात्यातल्या लेफ्टनंट गेस्फर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला हलक्या, सुधारलेल्या गाड्या करण्याचा कारखाना काढला. एका जोडीने ओढता येणारी गाडी शेतकऱ्याच्या दारी आली. आज जिला आपण सनातन बैलगाडी समजतो, ती दख्खनमध्ये अशी दोनशे वर्षांच्या आतली आहे.

आता पनवेलीच्या कारागिराने काय केले ते पाहा. मध्ये तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वाकदार पुठ्ठे जोडून केलेला घेर, आणि सर्वांवर लोखंडी धाव. तिवस, ऐन, बाभूळ अशी चिवट लाकडे गाडीकामाला वापरीत. धाव मुद्दामच घेरापेक्षा किंचित लहान करावयाची. मग गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करावयाची. तापली की ती पसरते. तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. लोखंड आवळते आणि आवळताना पुठ्ठा आऱ्यात व आरा तुंब्यात असे सारे सांधे घट्ट दाबून टाकते. चाकाचा सगळा जोर त्या आवळण्यात असतो. लाकूड जेथे नको तेथून काढून टाकावयाचे आणि जेथे हवे तेथेच ठेवावयाचे. हलकेपणा म्हणजे दुसरे काय?

हे शास्त्र त्या सुतार-लोहारांनी पुस्तकातून घेतले नव्हते, आणि पुस्तकांनीही त्यांचे एक नाव टिपून ठेवले नाही. माल्कमचे नाव आहे, गेस्फर्डचे आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाके दिली त्यांच्या नावाची एक ओळ मला सापडलेली नाही. रस्ता साहेबाचा आणि चाक कुणाचेच नाही, असा हा इतिहास लिहिला गेला आहे.

दोन चाकांच्या गाडीत आणखी एक शास्त्र असते, ते तोलाचे. ओझे मागे गेले तर गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचलते आणि बैलांचा गळा आवळतो. ओझे पुढे आले तर ती ‘धुरजड’ होते आणि बैलांचे खांदे सोलते. मोटारीमागे झोपगाडी जोडणाऱ्यालाही हाच नियम पाळावा लागतो. मागचे ओझे वाढले की गाडी रस्त्यावर शेपटासारखी हलू लागते. माझे वडील गाडी भरून झाली की जू हाताने उचलून पाहात. “थोडं जड लागलं पाहिजे, लई नाही,” असे म्हणत. ज्वारीचे पोते कण्यावर, पेटी किंचित पुढे, हंडा मागे. आम्हा मुलांच्यासुद्धा जागा ठरलेल्या असत. मुक्कामाला बैल सोडले की पुढे-मागे टेकू देऊन गाडी समतल करीत. वर आई आणि धाकटी बहीण, खाली आम्ही. गाडीच्या खालची ती जागा थंडीत सर्वांत उबदार असे.

गाडीचा मुक्काम जेथे पडे तो गाडीतळ. पुण्याजवळ हडपसरला ते नाव अजून बसथांब्याला चिकटून राहिले आहे. पनवेल हे बंदरही होते आणि गाड्यांचे मुक्कामाचे गावही. घाटावरून धान्य आणि गूळ यायचा. खालून मीठ, भात आणि सुकी मासळी वर जायची. गावात वडाळे, कृष्णाळे, विश्राळे असे तलाव आहेत. मुक्कामाच्या गावाला माणसापेक्षा बैलांचे पाणी आधी पाहावे लागे, हे गाडीवानाच्या पोराला सांगावे लागत नाही.

मग रेल्वे आली. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला. पण तो कल्याण-कर्जतवरून गेला आणि पनवेल बाजूला राहिले. पनवेलला स्वतःची रेल्वे मिळाली ती १९६४ मध्ये, दिवा-पनवेल मार्गाने, शंभर वर्षांनी. तथापि चाकांचा धंदा लगेच बुडाला नाही. स्थानकापर्यंत आणि बाजारापर्यंत माल नेण्यास गाडी लागेच. तो मागे पडला पुढे, मोटारी वाढल्या आणि बैलगाडीला रबरी टायर आले तेव्हा. डनलॉपने हवेचा टायर केला १८८८ मध्ये, सायकलसाठी. १९३० नंतरच्या दशकात तो आपल्या बैलगाडीलाही बसू लागला. लोखंडी धावेला रस्ता उखडण्याची सवय, टायरला नाही. चिखलात आणि खडीवर टायरची गाडी पुष्कळ हलकी चालते. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडीची सुधारणा हे आयुष्याचे एक कामच मानले. बैलाच्या खांद्यावरची जखम कमी झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

आता मी माझ्या मुद्द्याला येतो. आमच्याकडे टायरगाडी आली ती १९७८ च्या सुमारास. ती आमची नव्हती, कारखान्याची होती. बैल आमचे, गाडी त्यांची, आणि गाडीचे भाडे आमच्या मजुरीतून कापायचे. पहिल्या दिवशी वडील खूष होते. बैल मोकळे श्वास टाकीत चालले आहेत, असे त्यांनी आईला दोनदा सांगितले. तो आनंद पंधरा दिवस टिकला. मग मुकादम आला आणि म्हणाला, गाडी हलकी चालते ना, मग भरा की आणखी. लाकडी गाडीत ऊस जेमतेम टनभर बसे. आता दोन-अडीच टन रचू लागले. बैलांची मान पुन्हा पहिल्यासारखीच खाली गेली. गाडीत बसायला जागा उरली नाही, म्हणून आई बहिणीला कडेवर घेऊन फडापासून कारखान्यापर्यंत गाडीमागून चालू लागली.

चाक हलके झाले. ओझे हलके झाले नाही. हा माझ्या आयुष्यातला पहिला धडा, आणि पुढे कारखान्यात यंत्रे बदलताना मी तो पुन्हा पुन्हा वाचला. नवे यंत्र आले की सांगतात, आता तुमचे श्रम निम्मे होतील. श्रम निम्मे होत नाहीत. माणसे निम्मी होतात किंवा काम दुप्पट होते. यात यंत्राचा दोष नाही. टायर हा चांगलाच आहे, मला पुन्हा लोखंडी धावेकडे जायचे नाही. पण सुधारणेने वाचलेले बळ कोणाच्या पदरात पडावे हे चाक ठरवीत नाही. ओझे किती भरायचे हे ज्याच्या हाती असते तो ठरवितो. म्हणून चाकाबरोबर करारही सुधारावा लागतो, आणि करार एकट्यादुकट्याने सुधारत नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात मोटारीमागच्या घरगुती झोपगाड्यांची लाट आली. त्यांतल्या एका लहानशा, पाठीमागे निमुळत्या गाडीला तर तिच्या आकारावरून अश्रुबिंदूचेच नाव पडले. कोणी ती हौसेने बांधीत होते; पण ते दशक मंदीचे होते, आणि हजारो कुटुंबांना चाकावरच घर करावे लागले होते. रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच दिसत. एकीच्या मालकाचे दुसरीकडे घर होते, दुसरीच्या मालकाचे नव्हते.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. चाकावरचे घर घेऊन फिरणाऱ्या प्रवाशाला मुक्कामाची जागा असावी, तेथे पाणी, वीज, स्वच्छतागृह असावे, हा त्यातला विचार. मी त्याचे स्वागत करतो. हा विचार अगदी योग्य आहे, आणि योग्य आहे म्हणूनच तो अर्धा सोडता येणार नाही. याच महाराष्ट्रात दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार सहा महिने बिऱ्हाड घेऊन निघतात आणि फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालतात. त्यांची बाई पहाटे अंधारात आडोसा शोधते. हौसेने निघालेल्या प्रवाशाला मुक्कामाच्या जागी जे चार सोपस्कार लागतात, तेच कामासाठी निघालेल्याला लागतात. पाणी, दिवा, आडोसा, आणि मुलांसाठी शाळा. यांत काय महाग आहे?

पनवेलीने एके काळी दख्खनच्या गाडीवानाला चाकांची जोडी दिली आणि त्याच्या बैलांना पाणी दिले. दोन्ही मिळून मुक्काम होतो. चाके आता कारखान्यांत होतात आणि आमच्या गावच्या रस्त्यांवरून मोटारींचा लोंढा रात्रंदिवस घाटाकडे धावतो. तलाव मात्र अजून आहेत. त्यांच्या काठाने संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा जू उतरवून बसलेला एखादा गाडीवान मनात आणा, आणि आज तो कोठे मुक्कामाला आहे, एवढे विचारा. त्याचा पत्ता शोधण्याचे काम आम्ही संघटनेची माणसे करतोच आहोत. तुम्ही सोबत असाल तर ते हलके होईल.