घर घेताना होम इन्स्पेक्टर कसा निवडायचा? संपूर्ण माहिती

वीस हजारांचा फोन घ्यायचा असेल तर आपण दहा रिव्ह्यू बघतो, दोन मित्रांना विचारतो, आणि बॉक्स उघडतानासुद्धा व्हिडिओ काढतो. पण वीस वर्षं ईएमआय भरायचा फ्लॅट मात्र रविवारी अर्धा तास बघून फायनल करतो! व्ह्यू चांगला आहे, हॉल मोठा आहे, पार्किंग मिळतंय, बस्स. भिंतीच्या आत काय चाललंय ते पहिल्या पावसाळ्यात कळतं.

हे आधी कळावं म्हणून होम इन्स्पेक्शन करतात. पुण्या-मुंबईत आता ही सेवा देणारे बरेच जण आहेत. त्यातला योग्य माणूस कसा ओळखायचा, तो कोणती यंत्रं वापरतो आणि त्या यंत्रांना काय जमत नाही, हे या लेखात सविस्तर पाहू.

होम इन्स्पेक्शन म्हणजे नेमकं काय?

घराचा ताबा किंवा व्यवहार पूर्ण होण्याआधी, तुमच्या बाजूने एका जाणकार माणसाने केलेली घराची तपासणी. ओल, भेगा, पोकळ टाइल्स, बाथरूमचा उतार, पाण्याचा दाब, वायरिंग, अर्थिंग, दारं-खिडक्या, कार्पेट एरिया हे सगळं तपासून तो फोटोंसह लेखी रिपोर्ट देतो.

इथे तीन माणसांमध्ये गल्लत होते:

- वकील कागद बघतो. टायटल क्लिअर आहे का, बोजा आहे का, एवढंच.
- बँकेचा व्हॅल्युअर बँकेसाठी येतो. दिलेलं कर्ज या मालमत्तेतून वसूल होईल का, हा त्याचा प्रश्न असतो. "बँकेने लोन पास केलं म्हणजे घर चांगलंच असणार" हा समज इथूनच येतो. तो काही नळ उघडून बघत नाही.
- होम इन्स्पेक्टर घर बघतो, आणि त्याचे पैसे तुम्ही देता. म्हणून तो तुमच्याशी बांधील असतो.

भारतात यासाठी लायसन्स लागतं का?

नाही. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेत टेक्सास, न्यूयॉर्क अशा राज्यांत होम इन्स्पेक्टरला सरकारी लायसन्स लागतं आणि ते ऑनलाइन तपासता येतं. आपल्याकडे "होम इन्स्पेक्टर" नावाचा सरकारी परवानाच नाही. त्यामुळे वेबसाइटवर "सर्टिफाइड" लिहिलेलं दिसलं की लगेच विचारा: कोणी सर्टिफाय केलं, आणि कशासाठी? एखाद्या परदेशी संघटनेची मेंबरशिप असेल तर ती प्रशिक्षणाची खूण असू शकते, भारतातला परवाना नाही.

मग तपासायचं काय? तर डिग्री आणि नोंदणी. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा आणि साइटवरचा अनुभव ही किमान अट ठेवा. इमारतीच्या मजबुतीचा प्रश्न असेल तर महानगरपालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि महापालिकेच्या यादीत स्वतः तपासा. खरा माणूस नंबर लगेच देतो.

कोणत्या घरासाठी कोण?

नवीन फ्लॅट, ताबा बाकी: इथे फिनिशिंग, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल आणि मापं महत्त्वाची. सिव्हिल इंजिनिअर आणि सोबत इलेक्ट्रिकल तपासू शकणारा माणूस पुरतो.

रिसेल फ्लॅट, इमारत १५ वर्षांच्या पुढची: आधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट मागा. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधीनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांपेक्षा जुनीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. "ऑडिट झालंच नाही" हे उत्तरसुद्धा एक माहितीच आहे. फ्लॅट आतून चकाचक असला तरी बीम-कॉलम सगळ्यांचे सामायिक असतात आणि दुरुस्तीचा खर्च तुमच्याही वाट्याला येतो. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या.

रो-हाउस किंवा बंगला: वरचं छप्पर, ड्रेनेज, पाण्याची टाकी, कंपाउंड सगळं तुमचंच. दोघांचीही गरज पडू शकते.

यंत्रं काय सांगतात, काय सांगत नाहीत?

इन्स्पेक्टर बॅगेतून यंत्रं काढायला लागला की आपण इम्प्रेस होतो. पण प्रत्येक यंत्राला मर्यादा आहे आणि ती त्याला माहीत आहे का, यावरून माणूस कळतो.

- थर्मल कॅमेरा: हा भिंतीच्या आरपार बघत नाही. फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओल सुकताना भिंत थंड होते, म्हणून तिथे वेगळा रंग दिसतो. पण एसीच्या हवेमुळेही तसाच डाग दिसू शकतो. त्यामुळे नुसत्या रंगीत फोटोवरून "लीकेज" म्हणता येत नाही.
- मॉइश्चर मीटर: पिनवाला मीटर भिंतीचा विद्युत रोध मोजतो. बरेच मीटर मुळात लाकडासाठी बनवलेले असतात, त्यामुळे प्लास्टरवर आलेला आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. भिंतीत क्षार असतील तरी आकडा वाढतो. योग्य पद्धत म्हणजे त्याच खोलीतली कोरडी जागा आणि संशयित जागा यांची तुलना.
- रिबाउंड हॅमर: काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरतो, पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि आकडा फसवा चांगला येतो. म्हणून जुन्या इमारतीत फक्त यावर विसंबू नये. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात ते बघतात; आत भेग किंवा पोकळी असेल तर वेग कमी होतो. गंजाचा अंदाज हाफ-सेल पोटेन्शिअल चाचणीने घेतात.
- इलेक्ट्रिकल टेस्टर: डीबीवरच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो ट्रिप झाला की बरेच जण खूश होतात. त्या बटणाने फक्त आतली यंत्रणा तपासली जाते. अर्थिंग आहे की नाही हे कळत नाही. प्रत्येक सॉकेट वेगळं तपासावं लागतं.
- टाइल टॅपिंग रॉड: साधी काठी, पण उपयोगी. टाइल पोकळ असेल तर आवाज बदलतो.

आणि हो, प्ले स्टोअरवरच्या "थर्मल कॅमेरा" ॲपच्या नादी लागू नका. फोनमध्ये थर्मल सेन्सर नसेल तर ते ॲप साध्या फोटोला रंग चढवतं, बाकी काही नाही. मेटल डिटेक्टर ॲप फोनचा मॅग्नेटोमीटर वापरतं. जवळ लोखंड आहे एवढं कळेल, सळई गंजली की नाही ते नाही.

कार्पेट एरियाचा घोळ

रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, तुमच्यापुरती असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणजे तुम्ही प्रत्येक खोली लेझर मीटरने मोजून बेरीज केली तर ती ॲग्रीमेंटपेक्षा थोडी कमीच येणार. लगेच बिल्डरशी भांडायला जाऊ नका. चांगला इन्स्पेक्टर आतल्या भिंतींची जाडी मिळवून हिशोब देतो. ज्याला हा फरक सांगता येत नाही, त्याचं माप घेऊन उपयोग नाही.

फोनवर विचारायचे ७ प्रश्न

१. प्रत्यक्ष तपासायला कोण येणार? त्या व्यक्तीची डिग्री काय?
२. तुम्ही वॉटरप्रूफिंग, रंगकाम किंवा इंटिरिअरची कामं घेता का? घेत असाल तर दोष शोधण्यात तुमचा फायदा आहे, हे सरळ आहे.
३. बिल्डर किंवा ब्रोकरकडून काम मिळतं का?
४. जुना रिपोर्ट, नाव-पत्ता झाकून, पाठवाल का?
५. काय तपासणार नाही?
६. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायला याल का? त्याचे पैसे वेगळे?
७. तपासणीच्या वेळी मी सोबत थांबलो तर चालेल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. मागच्या वर्षी आई-बाबांसाठी पुण्यात रिसेल फ्लॅट बघत होतो. पैसे बाबांच्या पीएफचे, म्हणजे चुकीला जागा नव्हती. तिघांना फोन केला. पहिला म्हणाला, "सर, हंड्रेड परसेंट गॅरंटी." दुसऱ्याचा नंबर ब्रोकरनेच दिला होता. तिसऱ्याने आधी इमारतीचं वय विचारलं, मग सांगितलं, "फोडल्याशिवाय भिंतीतली पाइप दिसणार नाही, कपाटामागची भिंतही नाही. तेवढं सोडून सगळं बघतो." आम्ही त्यालाच बोलावलं.

बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत नुकतीच रंगवलेली होती. खालच्या दीड फुटावर मीटरचा आकडा बाकी भिंतीपेक्षा बराच जास्त. त्याने बाथरूममध्ये अर्धा तास पाणी सोडलं आणि परत थर्मल कॅमेरा लावला. थंड पट्टा वाढला होता. घरमालकाने रिपोर्ट बघितला, थोडं नाक मुरडलं, पण ॲग्रीमेंटआधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग स्वतःच्या खर्चाने करून दिलं. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, राहायला गेल्यावर बाथरूम फोडून महिनाभर काम चाललं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

रिपोर्ट कसा असावा?

"बाथरूममध्ये समस्या आहे" असं वाक्य निरुपयोगी. प्रत्येक दोषाला जागा, फोटो, यंत्राचं रीडिंग, गांभीर्य आणि सुचवलेला उपाय हवा. धोकादायक, दुरुस्ती लागणारे आणि किरकोळ असे गट पाडलेले असावेत. रंगाचे ८० ठिपके दाखवून अर्थिंग नसल्याची गोष्ट ४०व्या पानावर असेल तर तो रिपोर्ट जाड आहे, चांगला नाही.

तपासणी कधी करायची?

रिसेलमध्ये टोकन देण्याआधी, किंवा टोकनच्या कागदावर "तपासणीत मोठा दोष निघाल्यास रक्कम परत" असं लिहून घेऊन. नवीन फ्लॅटमध्ये ताबा घेण्याआधी. बिल्डरला ईमेल करून तारीख मागा. तोंडी बोलणं नंतर कोणाला आठवत नाही. "सगळं समाधानकारक मिळालं" अशा पत्रावर दोषांची यादी जोडल्याशिवाय सही करू नका.

ताबा घेऊन झाला असेल तरी दार बंद होत नाही. रेरा कायदा २०१६, कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जास्तीचे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते आणि महारेराकडे तक्रार करता येते. तेव्हा तारखेसह लेखी रिपोर्ट तुमच्या हातात असेल तर बोलणं सोपं जातं.

थोडक्यात काय, डिग्री तपासा, नमुना रिपोर्ट वाचा, त्याचे पैसे कुठून येतात ते बघा आणि तपासणीच्या दिवशी सुट्टी टाकून सोबत फिरा. त्या दोन-तीन तासांत मेन व्हॉल्व्ह कुठे, कोणता स्विच कुठल्या लाइनवर, हेही कळतं. पुढे नळ तुटला की तेच कामाला येतं.