चेकसम बरोबर, डेटा मात्र बिघडलेला

३,७६,८८,९१,६१६. हा आकडा मी सहा आठवडे जवळपास रोज बघत होतो.

आमच्या प्रयोगशाळेत तीन मशीनचा छोटा स्टोरेज क्लस्टर आहे. त्यात प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते. ती वाचून डिकोडर पुढचे तेवढे बाइट उचलतो. नोंद असायची जेमतेम दोनशे बाइटची. पण अधूनमधून एखाद्या नोंदीची लांबी निघायची पावणेचार अब्ज, आणि डिकोडर ‘बफर संपला’ म्हणून मान टाकायचा. मी डिकोडर तीनदा नव्याने लिहिला. चेकसम दर वेळी जुळत होता, म्हणून बाकी कशावर संशयच आला नाही. शेवटी गाइड म्हणाले, “कोड नंतर बघ, आधी जुनं वाच.” तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

दिवाळीत सौंदडला घरी गेलो आणि वाचायला बसलो. सुरुवात १९८० पासून. त्या वर्षी २७ ऑक्टोबरला अर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज, काही तास ठप्प झालं होतं. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये आरएफसी ७८९ मध्ये त्याची चिकित्सा लिहिली. संशोधनाकडे वळणाऱ्याने ती वाचावीच, कादंबरीसारखी आहे.

झालं असं. नेटवर्कमधलं प्रत्येक यंत्र आपल्या जोडण्यांची खबर सगळ्यांना पाठवायचं. खबरेला ० ते ६३ मधला क्रमांक असायचा आणि ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळासारखं. त्या दिवशी एकाच यंत्राच्या नावाने तीन खबरी फिरू लागल्या: ८, ४० आणि ४४. बायनरीत लिहून बघा: ००१०००, १०१०००, १०११००. ४४ मधला एक बिट गळला की ४०, अजून एक गळला की ८. आता गंमत अशी की गोल मोजणीत ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा आणि ४४ पेक्षा परत ८ नवा! त्यामुळे कुठलीच खबर कधी जुनी ठरेना. प्रत्येक यंत्र त्या तिन्ही खबरी ‘ताज्या’ समजून पुढे ढकलत राहिलं आणि बाकी कामाला वेळच उरला नाही. तारेवरून जाताना खबरेची तपासणी होत होती. मेमरीत पडून असताना होत नव्हती, आणि बिट गळले ते तिथेच.

दुसरा किस्सा एमआयटीतला. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांच्या १९८४ च्या ‘एंड-टू-एंड’ निबंधात तो आहे. तिथला एक गेटवे एका बफरमधून दुसऱ्या बफरमध्ये कॉपी करताना साधारण दहा लाख बाइटांमागे एकदा दोन बाइटांची अदलाबदल करत होता. प्रत्येक टप्प्यावर चेकसम होता, पण तो त्या टप्प्यापुरता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्स फाइली त्याच गेटवेतून पुन्हापुन्हा जात राहिल्या आणि त्यातल्या काही बिघडल्या. शेवटी लोकांना जुन्या छापील प्रती समोर ठेवून हाताने ताळा करावा लागला.

हे सगळं जुन्या काळचं म्हणावं, तर २० जुलै २००८ ला अ‍ॅमेझॉनची एस३ सेवा जवळपास आठ तास बंद पडली. सर्व्हर आपसात स्थितीचे निरोप पाठवतात. त्यातल्या मोजक्या निरोपांत एक-एक बिट बिघडला होता. निरोप वाचता येत होता, फक्त मजकूर चुकीचा होता. ग्राहकांच्या डेटाला एमडी५ चेकसम होता. या अंतर्गत निरोपांतला असा बिघाड पकडणारं काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांनी खड्डा तोच, म्हणजे दोन तपासण्यांच्या मधली जागा.

मग मी डिकोडर सोडला आणि कागदावर फक्त एवढंच लिहिलं: चेकसम कुठे तपासला जातो, कुठे नव्याने काढला जातो, आणि मधल्या वेळात बाइट कुठे असतात. नेटवर्कवरून आलेली नोंद आम्ही तपासत होतो. डिस्कवर लिहिताना मात्र नवा चेकसम काढत होतो. मधल्या काळात ती एका सामायिक बफरमध्ये पडून असायची.

आणि तेव्हा तो आकडा पहिल्यांदा हेक्समध्ये लिहून पाहिला: ई० ए४ बी८ ई०. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. पहिले तीन बाइट म्हणजे ‘स’, चौथा पुढच्या मात्रेचा पहिला. चाचणीसाठी मी गोंदिया जिल्ह्यातल्या गावांची नावं भरली होती, सर्वांत वर आपलं गाव. लांबीच्या जागी ‘सौंदड’ बसलं होतं!

पुढचं तासाभरात सापडलं. काम संपलं असं समजून एक थ्रेड बफर परत करत होता, दुसरा तोच घेऊन त्यावर नवा मजकूर लिहीत होता, आणि पहिली नोंद अजून डिस्कवर जायचीच होती. बिघडलेल्या बाइटांचा चेकसम आम्ही स्वतःच काढत होतो, मग तो जुळणारच की.

दुरुस्ती मोजून अकरा ओळींची. आता चेकसम पाठवणाऱ्याकडे एकदाच निघतो आणि तोच डिस्कपर्यंत जातो. पण ज्या बिघाडांत लांबीऐवजी मजकूर पुसला गेला, तिथे डिकोडर ओरडलाच नव्हता. असे किती झाले हे मागे जाऊन मोजता येत नाही. म्हणून तीन महिन्यांची मोजमापं टाकून दिली, पेपरच्या मसुद्यातून दोन आलेख काढले, आणि सोमवारपासून प्रयोग पुन्हा लावलेत.