भारताचे इस्रायल-पॅलेस्टाईनविषयक धोरण : सातत्य व बदल

भारताचे इस्रायल-पॅलेस्टाईनविषयक धोरण : पश्चिम आशियातील या संघर्षाबाबत स्वतंत्र भारताने घेतलेली भूमिका व दोन्ही बाजूंशी राखलेले संबंध. पॅलेस्टिनींच्या स्वतंत्र राज्याच्या हक्काला पाठिंबा हे या धोरणातील सातत्य, तर इस्रायलशी राखलेले अंतर सोडून केलेले उघड व निकटचे सहकार्य हा त्यातील प्रमुख बदल होय.

प्रारंभ : संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या पॅलेस्टाईनविषयक समितीत भारताने इराण व युगोस्लाव्हिया यांच्यासह फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेत भारताने फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले. धर्माच्या आधारावर झालेली फाळणी भारत त्याच वर्षी सोसत होता. १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली, मात्र राजदूतांची देवाणघेवाण केली नाही. काश्मीर प्रश्नावर अरब राष्ट्रांचा कल, खनिज तेलाची गरज, देशातील मुस्लिम जनमत आणि वसाहतवादविरोधी भूमिका ही त्यामागची कारणे होती.

मुंबईचे स्थान : इस्रायलचा वाणिज्य दूतावास १९५३ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे सुमारे चार दशके भारतातील इस्रायलचे अधिकृत अस्तित्व मुख्यतः या एका कचेरीपुरते होते. भारताच्या धोरणावर टीका करणारी मुलाखत दिल्यामुळे १९८२ मध्ये तेथील वाणिज्यदूताला देश सोडावा लागला. असे असूनही लोकांमधील धागा तुटला नाही. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल या ज्यू समाजाची हजारो माणसे इस्रायलमध्ये स्थायिक झाली. त्यांनी तेथेही मराठी जपली आणि ‘मायबोली’ हे नियतकालिक चालवले.

अंतर व संपर्क : भारताने १९७४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची एकमेव वैध प्रतिनिधी मानले; अरब जगताबाहेर असे करणारा तो पहिला देश होता. १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राज्यालाही मान्यता दिली. दुसरीकडे १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांच्या काळात इस्रायलकडून मर्यादित लष्करी मदत आली. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुप्तपणे भारतात येऊन गेले. जाहीर भूमिका व व्यवहार यांतील ही तफावत सरकारे बदलली तरी टिकली.

१९९२ चे वळण : शीतयुद्ध संपले, सोव्हिएत संघ कोसळला आणि ऑक्टोबर १९९१ च्या माद्रिद परिषदेत अरब राष्ट्रेच इस्रायलशी वाटाघाटींना बसली. जुन्या धोरणाची गणिते त्यामुळे बदलली. झायनवादाला, म्हणजे ज्यू राष्ट्राच्या चळवळीला, वंशवाद ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १९७५ च्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला होता. डिसेंबर १९९१ मध्ये तो रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. पी. व्ही. नरसिंह राव सरकारने २९ जानेवारी १९९२ रोजी इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. त्याच महिन्यात पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफात दिल्लीला येऊन गेले होते. जुन्या मित्राला विश्वासात घेऊनच हे पाऊल टाकले गेले.

नंतरचा काळ : कारगिल युद्धात (१९९९) इस्रायलने दारूगोळा व टेहळणीची साधने पुरवली. बराक-८ हे क्षेपणास्त्र दोन्ही देशांनी मिळून विकसित केले. शेतीतील सहकार्यातून नागपूरला संत्र्यासाठी व दापोलीला आंब्यासाठी गुणवत्ता केंद्रे उभी राहिली. नरेंद्र मोदी जुलै २०१७ मध्ये इस्रायलला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पॅलेस्टाईनमधील रामल्लाला स्वतंत्रपणे गेले. दोन्ही ठिकाणी ही भारतीय पंतप्रधानांची पहिलीच भेट होती. दोन संबंध एकमेकांना न जोडता सांभाळण्याचे धोरण त्यातून स्पष्ट झाले. गाझा युद्धाबाबतच्या आमसभेतील ठरावावर २७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबरला मात्र त्याने मानवतावादी शस्त्रसंधीच्या बाजूने मत दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये द्विराष्ट्र तोडग्याचा पुरस्कार करणाऱ्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यालाही त्याने पाठिंबा दिला.

मूल्यमापन : १९९२ च्या निर्णयाने भारताला संरक्षण व शेतीत मोठा लाभ झाला आणि पॅलेस्टाईनची मान्यता मागे घ्यावी लागली नाही. तो निर्णय योग्यच होता. मात्र पॅलेस्टाईनला पाठिंबा देण्याचे तत्त्व कायम असले, तरी इस्रायलवरील जाहीर टीकेची धार कमी झाली आहे. मैत्रीसाठी मौन पाळावे लागले, तर सातत्य कागदावरच उरते. म्हणून मित्रराष्ट्रालाही स्पष्ट शब्दांत सुनावण्याची तयारी हीच या धोरणाची यापुढील खरी कसोटी आहे.