वाय-फाय अडॅप्टरची वीजबचत

लॅपटॉपमधील वाय-फाय अडॅप्टर, म्हणजे रेडिओलहरींच्या साहाय्याने राउटरशी माहितीची देवाणघेवाण करणारा भाग, बॅटरीवर कमी वीज खर्च करील अशा रीतीने त्याची सेटिंग्ज ठरवण्याची पद्धत. माहिती पाठवताना अडॅप्टरला सर्वाधिक वीज लागते हे खरे. तथापि काहीच येत-जात नसतानाही आपल्यासाठी काही येते का हे ऐकण्यासाठी त्याचा रेडिओ चालू राहतो, आणि वाचन-लेखनासारख्या कामात हाच काळ फार मोठा असल्यामुळे बचतीला खरा वाव तेथेच असतो.

यावरील उपाय आयईईई ८०२.११ या १९९७ च्या मूळ मानकातच आहे. रेडिओ निद्रावस्थेत नेण्यापूर्वी अडॅप्टर राउटरला तसे कळवतो. राउटर त्याच्यासाठी आलेली माहिती साठवून ठेवतो आणि ‘बीकन’ या ठरावीक कालांतराने, बहुधा दर १०२.४ मिलिसेकंदांनी, प्रसारित होणाऱ्या संकेतातून कोणाकोणाची माहिती थांबली आहे ते जाहीर करतो. अडॅप्टर बीकनपुरता जागा होतो, आपली नोंद आढळली तर माहिती मागून घेतो, एरवी पुन्हा निद्रिस्त होतो. या व्यवस्थेत आलेली माहिती काही काळ अडून राहते. पत्रव्यवहारात हा विलंब जाणवत नाही, व्हिडिओ संभाषणात व ऑनलाइन खेळांत मात्र जाणवू शकतो.

विंडोज प्रणालीत ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत विभागात ‘वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज’ या नावाखाली कमाल कार्यक्षमतेपासून कमाल बचतीपर्यंत चार पायऱ्या असून बॅटरी आणि वीजजोडणी यांसाठी त्या वेगवेगळ्या निवडता येतात. काही नव्या लॅपटॉपांवर हा विभाग दिसत नाही. लिनक्समध्ये ‘आयडब्ल्यू’ या आज्ञेने ही बचत चालू किंवा बंद करता येते.

राउटरने मानक नीट पाळले नाही तर जोडणी तुटते किंवा मंदावते. विंडोज व्हिस्टाच्या काळात ही अडचण उद्भवली, तेव्हा बॅटरीवरही कमाल कार्यक्षमता निवडावी, असा सल्ला मायक्रोसॉफ्टने दिला होता. म्हणून जोडणी वारंवार तुटत असल्यास राउटर बदलण्यापूर्वी हे सेटिंग तपासणे इष्ट ठरते.

पडदा व प्रोसेसर यांच्या तुलनेत अडॅप्टरचा वीजखर्च सहसा थोडा असल्याने या उपायाचा लाभ मर्यादितच असतो. पडद्याचा उजेड कमी केल्याने बहुधा अधिक वीज वाचते. परिसरात नेटवर्क नसेल तर अडॅप्टर त्याचा शोध घेत राहतो, त्यामुळे अशा ठिकाणी वाय-फाय पूर्णपणे बंद करणेच योग्य होय.