हैदराबादचा चषक आणि बीडची स्मृती

मराठी वाचकास भारतीय फुटबॉलचा इतिहास विचारला, तर बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून जिंकलेली आय.एफ.ए. शील्ड ही एक. मुंबईच्या कूपरेज मैदानावर एके काळी रंगणारा रोव्हर्स कप ही दुसरी. एक कलकत्त्याची, दुसरी मुंबईची. बीडसारख्या जिल्ह्याचा या इतिहासाशी काही संबंध असेल, अशी शंकाही आपल्या मनात येत नाही. आमच्या मते असा संबंध आहे, आणि तो १९५० सालच्या ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात शोधावा लागतो.

१८८८ साली सिमल्यात सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा दीर्घकाळ गोऱ्या पलटणींचीच होती. १९४० साली ती दिल्लीत आली आणि मोहमेडन स्पोर्टिंगच्या रूपाने प्रथमच एका भारतीय संघाने ती जिंकली. पुढे युद्ध आणि फाळणी यांमुळे पडलेला खंड १९५० साली संपला. त्या वर्षी अंतिम फेरीत एका बाजूस मोहन बागान होता, म्हणजे १९११ची सारी पुण्याई. दुसऱ्या बाजूस हैदराबाद सिटी पोलीस. पहिला सामना बरोबरीत सुटला. फेरसामना हैदराबादने १-० असा जिंकला. याच संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला.

आता नकाशा पाहू. १९५० साली बीड हा हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे एके काळी हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाचे ठाणे. परळीहून निघणारा लोहमार्ग विकाराबादकडे, अर्थात राजधानीच्या दिशेने जाई. (अहिल्यानगरकडून बीड शहरात रेल्वे आली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ रोजी, रुळांनाही आपला इतिहास असतो.) तेव्हा दिल्लीत आणि कूपरेजवर जिंकणारा संघ हा, शासनाच्या भाषेत बोलायचे तर, बीडकरांच्याच राज्याचा संघ होता; आणि पाच वर्षे त्याच्यापुढे हात टेकणारी मुंबई हे परराज्यातले शहर होते.

मग हा विजय आपल्या स्मृतीत का नाही? मराठवाड्यात फुटबॉल फारसा रुजला नाही, हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे. पण अडचण त्याहून खोल आहे, असे आम्हांस वाटते. संघाच्या नावात 'हैदराबाद' आहे आणि 'पोलीस'ही आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. ज्या पिढीने रझाकारांचा काळ सोसला, तिला या दोन शब्दांत अभिमानाची जागा सापडणे कठीणच होते. ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आपण वर्गात क्वचितच उच्चारतो: पोलीस कारवाईनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात बीडचेही नाव आहे. तो अहवाल अनेक दशके सामान्य वाचकापुढे आलाच नाही.

या पार्श्वभूमीवर, अवघ्या दोन वर्षांनी, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन यांसारखे खेळाडू असलेला हैदराबादचा संघ प्रजासत्ताकाच्या राजधानीत चषक उंचावतो. मुक्तिसंग्रामाच्या कथेत हे दृश्य बसत नाही. संस्थानाविषयीच्या हळव्या स्मरणरंजनातही ते नीट बसत नाही, कारण हा संघ नबाबी थाटावर मोठा झालेला नव्हता. त्याला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. चेंडू पायाशी खेळवत न ठेवता चटकन पुढे द्यावा, यासाठी त्यांनी ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरविल्या. दुबळा पाय तयार व्हावा म्हणून केवळ त्याच पायाने खेळण्याच्या. विद्यार्थ्याच्या उणिवेवरच नेमके बोट ठेवण्याची ही शिक्षकी रीत आपल्या वाचकांपैकी अनेकांना ओळखीची वाटेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. बीड द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि हैदराबादचा संघ एका रात्रीत परका ठरला. भाषिक राज्याची मागणी न्याय्य होती, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. मात्र सीमा पुढच्या काळासाठी आखली जाते आणि आपण ती मागच्या काळावरही ओढतो. वाङ्मयेतिहासातही हेच घडते: मराठवाड्याच्या लेखकाची उर्दू शाळा चरित्रात एका ओळीत उरकली जाते आणि त्याचा पुण्याशी आलेला संबंध प्रकरणभर चालतो.

पुनर्रचनेनंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपान्त्य फेरी गाठली. त्या सामन्यात तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे होते. प्रशिक्षक होते हैदराबादचे रहीम.