औषधोपचारातील सुरक्षितता (परिचर्या)

औषधोपचारातील सुरक्षितता म्हणजे डॉक्टरांनी नेमून दिलेले औषध रुग्णाला देताना टाळता येण्याजोगी हानी होऊ न देण्याची परिचर्येतील कार्यपद्धती होय. औषध लिहून देणे, पुरवणे, तयार करणे, प्रत्यक्ष देणे आणि त्याच्या परिणामांवर लक्ष ठेवणे अशा टप्प्यांतून औषध रुग्णापर्यंत पोहोचते. यांपैकी शेवटचे टप्पे बहुतांशी परिचारिकेच्या हातात असतात. त्यामुळे आधीच्या टप्प्यावरील चूक लक्षात येण्याची अखेरची संधी तिलाच मिळते. बालके, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण यांच्या बाबतीत, तसेच इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड यांसारखी औषधे देताना ही जबाबदारी अधिक वाढते.

मूलतत्त्वे

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच तत्त्वे परिचर्येच्या शिक्षणात पायाभूत मानली जातात. योग्य नोंद, योग्य कारण, रुग्णाचा प्रतिसाद व औषध नाकारण्याचा त्याचा हक्क यांचीही त्यांत पुढे भर पडली. रुग्णाची ओळख खाटेच्या क्रमांकावरून न पटवता नाव व नोंदणी क्रमांक अशा किमान दोन खुणांवरून पटवतात. औषध देण्यापूर्वी ॲलर्जीची चौकशी करतात. तोंडी आदेश केवळ तातडीच्या प्रसंगी स्वीकारून तो लिहून घेतात व डॉक्टरांना परत वाचून दाखवतात. मात्रा लिहिताना ‘.5’ ऐवजी ‘0.5’ आणि ‘5.0’ ऐवजी ‘5’ असे लिहितात. कारण दशांशचिन्ह नजरेतून सुटल्यास मात्रा दहापट होते.

बालरुग्ण

बालकांची मात्रा बहुधा वजनावरून ठरते. म्हणून वजन अंदाजाने न लिहिता प्रत्यक्ष मोजून किलोग्रॅममध्ये नोंदवणे आवश्यक असते. पॅरासिटामॉलची नेहमीची मात्रा दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम असते. 8 किलो वजनाच्या बाळाला 15 मिलिग्रॅम या प्रमाणाने 120 मिलिग्रॅम औषध लागेल. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम औषध असलेल्या द्रवाचे 5 मिलिलिटर दिल्यास ही मात्रा पूर्ण होते. मात्र 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असलेल्या द्रवाचे तेवढेच माप दिल्यास मात्रा दुपटीहून अधिक होते. प्रति मिलिलिटर 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे 5 मिलिलिटर दिल्यास ती चौपटीच्याही पुढे जाते. म्हणून आदेश ‘मिलिलिटर’ऐवजी ‘मिलिग्रॅम’मध्ये असावा आणि बाटलीवरील तीव्रता दर वेळी वाचावी, असा दंडक आहे. घरगुती चमच्याऐवजी खुणा असलेले माप वापरतात. तोंडावाटे द्यायचे औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरत नाहीत. तसे केल्यास ते चुकून शिरेत जाण्याचा धोका असतो.

नवजात बालकाचे यकृत व मूत्रपिंडे पूर्ण विकसित झालेली नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा निचरा न झाल्याने नवजात बालके राखाडी पडून दगावल्याची उदाहरणे 1950 च्या दशकात समोर आली. लहान मूल म्हणजे प्रौढाची छोटी प्रतिकृती नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

वृद्ध रुग्ण

वाढत्या वयात मूत्रपिंडांची कार्यक्षमता घटते आणि औषध शरीरात अधिक काळ राहते. एकाच वेळी पाच किंवा अधिक औषधे घेणाऱ्यांत औषधांच्या परस्परक्रियांचा धोका वाढतो. झोपेच्या व गुंगी आणणाऱ्या औषधांमुळे तोल जाणे, पडणे आणि गोंधळल्यासारखे होणे हे परिणाम संभवतात. डिगॉक्सिन देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजतात. प्रौढात ते 60 पेक्षा कमी आढळल्यास मात्रा रोखून डॉक्टरांना कळवतात. गिळण्यास त्रास होतो म्हणून गोळी कुटून देण्यापूर्वी खात्री करावी लागते. कारण सावकाश विरघळणारी गोळी कुटल्यास दिवसभराची मात्रा एकदम शरीरात जाते.

गर्भवती व स्तनदा स्त्रिया

गर्भवतीला दिलेली अनेक औषधे वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतात. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या थॅलिडोमाइडमुळे जगभरात 10,000 हून अधिक बालके हातापायांच्या व अन्य व्यंगांसह जन्मली. 1961 मध्ये ते तेथील बाजारातून मागे घेण्यात आले. वॉरफॅरिन, सोडियम व्हॅल्प्रोएट व आयसोट्रेटिनॉइन हीदेखील गर्भाला अपायकारक ठरू शकतात.

एक्लॅम्प्सिया या विकारात येणारे झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे प्रमुख औषध आहे. मात्र त्याची पातळी अतिरिक्त वाढल्यास श्वसन थांबू शकते. म्हणून प्रत्येक पुढील मात्रेपूर्वी तीन गोष्टी तपासतात: श्वसन मिनिटाला किमान 16 असावे, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असावी आणि लघवी तासाला किमान 30 मिलिलिटर व्हावी. यांपैकी एकही गोष्ट समाधानकारक नसल्यास मात्रा रोखतात. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेजवळ तयार ठेवतात.

मूत्रपिंड व यकृताचे विकार

जेंटामायसिन, डिगॉक्सिन व मेटफॉर्मिन यांसारखी औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे दुबळी असल्यास त्यांची मात्रा घटवावी, दोन मात्रांतील अंतर वाढवावे किंवा औषध बदलावे लागते. डायालिसिसमध्ये काही औषधे रक्तातून निघून जातात, त्यामुळे त्यांची वेळ डायालिसिसनंतरची ठेवतात. डायालिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातातून सलाईन देत नाहीत आणि त्या हातावर रक्तदाबही मोजत नाहीत. यकृताच्या रुग्णांत गुंगीची औषधे व पॅरासिटामॉल विशेष सावधगिरीने वापरतात.

अतिधोक्याची औषधे

चूक झाल्यास गंभीर हानी करणाऱ्या औषधांना अतिधोक्याची औषधे म्हणतात. ती देण्यापूर्वी दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे पडताळणी करण्याची पद्धत आहे.

इन्सुलिन: भारतात प्रति मिलिलिटर 40 एकके आणि 100 एकके अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात; 40 च्या सिरिंजचे टोपण लाल, तर 100 च्या सिरिंजचे नारिंगी असते. 100 तीव्रतेचे इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 10 या खुणेपर्यंत भरल्यास रुग्णाला 10 ऐवजी 25 एकके मिळतात. रक्तातील साखर त्यामुळे धोकादायकरीत्या उतरू शकते.

पोटॅशियम क्लोराइड: हे संहत द्रावण थेट शिरेत टोचल्यास हृदय बंद पडू शकते. ते नेहमी सलाईनमध्ये मिसळून, नीट ढवळून, नियंत्रित वेगानेच देतात. त्याच्या अँप्यूल निर्जंतुक पाण्याच्या अँप्यूलसारख्या दिसू शकतात. म्हणून त्या वेगळ्या व कुलूपबंद ठेवतात.

रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारी औषधे: हेपॅरिनच्या कुप्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात. वॉरफॅरिनची मात्रा आयएनआर या रक्तचाचणीनुसार ठरते. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येणे ही धोक्याची सूचना असते.

कर्करोगावरील औषधे: व्हिन्क्रिस्टीन केवळ शिरेवाटे द्यायचे असते. ते पाठीच्या कण्यातील द्रवात टोचले गेल्यास बहुधा मृत्यू ओढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये ते सिरिंजऐवजी सलाईनच्या लहान पिशवीतून देण्याची शिफारस केली. सिरिंजच नसल्याने मार्गाची गल्लत टळते. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतल्यास प्राणघातक ठरू शकते.

चुकांची नोंद व व्यवस्थेची जबाबदारी

पाच तत्त्वे पाठ असूनही चुका होतात. अपुरे मनुष्यबळ, सलग पाळ्या, औषध तयार करताना येणारे व्यत्यय, अस्पष्ट हस्ताक्षर व सारखी दिसणारी वेष्टने ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. केवळ व्यक्तीला शिक्षा केल्यास चुका दडपल्या जातात. म्हणून चूक, तसेच थोडक्यात टळलेली चूकही, निर्भयपणे नोंदवता यावी यावर भर दिला जातो. संशयास्पद आदेशाबाबत विचारणा करणे आणि खुलासा होईपर्यंत औषध न देणे हे परिचारिकेचे कर्तव्य मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. 17 सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असून 2022 मध्ये त्याचा विषय औषध सुरक्षितता हा होता. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद 2010 मध्ये सुरू झालेल्या औषधदक्षता कार्यक्रमांतर्गत होते; त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे.

हेही पहा

परिचर्या
औषधशास्त्र
इन्सुलिन
थॅलिडोमाइड