दिवाणखान्यातून रंगमंदिरात

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानांत भोपळ्याचे तंबोरे दिसले, की मला हिराबाई बडोदेकर आठवतात. त्यांचा जन्म मिरजेचाच, १९०५ सालचा. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ. पण हिराबाईंची तालीम झाली ती वहीद खाँ आणि बंधू सुरेशबाबू माने यांच्याकडे.

त्या काळी बाईने गायचे ते कोठीवर, नाहीतर धनिकाच्या दिवाणखान्यात. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. हावभाव नाहीत, अदा नाही. तंबोऱ्यांच्या साथीत फक्त शांत, सुरेल गाणे. घरंदाज बायकाही ऐकायला येऊ लागल्या.

१९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मला मात्र त्यांची खरी कमाई वेगळीच वाटते. आज आईवडील मुलीला कौतुकाने गाण्याच्या क्लासला धाडतात, ती!